काल्त्सोने घरी करताना सारण गळते आणि तळ ओला राहतो. १४ माणसांच्या बेतासाठी सल्ला हवा

गोकुळपेठकर | ८ डिसेंबर, दुपारी

सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी बाहेरगावी वसतिगृहात राहून शिकते. ती २३ डिसेंबरला नागपूरला येणार असून २५ तारखेला तिला अठरा वर्षे पूर्ण होतील. त्या दिवशी केक आणण्याऐवजी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून काल्त्सोने, म्हणजे सारण भरून अर्धचंद्राकार दुमडलेला इटालियन पिझ्झा, करावा अशी इच्छा तिने दिवाळीतच बोलून दाखवली आहे. आमच्याकडे करंज्या अजूनही घरीच होतात. सासूबाई लाट्या करून देतात, मी सारण भरते आणि मुलगी कातणे हातात धरता येऊ लागल्यापासून कडा कापत आली आहे. वसतिगृहाजवळ तिने काल्त्सोने पहिल्यांदा खाल्ला, तेव्हा तिला आमची करंज्यांची परात आठवली, असे तिने फोनवर सांगितले. ते माझ्या मनात राहिले आहे आणि म्हणून हा बेत मला नीट पार पाडायचा आहे.

परंतु सरावासाठी केलेले दोन्ही प्रयत्न फसले. पहिल्या वेळी अर्धा किलो मैद्यात एक मोठा चमचा यीस्ट, साखर आणि कोमट पाणी घालून पीठ मळले. सध्या संध्याकाळनंतर स्वयंपाकघरात चांगलाच गारठा असतो. दोन तास झाले तरी पीठ फुगेना, म्हणून ते भांड्यासकट ओव्हनमध्ये ६० अंशांवर अर्धा तास ठेवले. त्यावर कडक साल धरली, आतून ते चिकट राहिले आणि भाजल्यावर कवच शिळ्या भाकरीसारखे चिवट झाले. दुसऱ्या वेळी पीठ दुपारच्या उन्हात ठेवले, ते छान फुगले. पण टोमॅटोचा सॉस, कांदा, ढोबळी मिरची, मशरूम आणि किसलेले चीज असे जे सारण भरले होते, त्याने घात केला. दहा मिनिटांतच कडा उकलल्या, रस ट्रेवर सांडून जळला, आणि वरचा भाग तांबूस झाला तरी तळ ओला व कच्चाच राहिला.

माझ्याकडे २८ लिटरचा, वर आणि खाली कांड्या असलेला ओव्हन आहे. तो २५० अंशांपर्यंत तापतो. घरात अंडे आणि मांस शिजत नाही आणि सासूबाई कांदा-लसूण खात नाहीत. जेवायला १४ माणसे असतील. इतक्या लहान ओव्हनमध्ये एवढ्या जणांचे करताना पहिल्याचे जेवण आटोपले तरी शेवटच्याचे अजून भाजायचेच आहे, असे होऊ नये म्हणून काय करावे? रिकोटा चीजच्या जागी घरचे पनीर चालेल का? आणि भाजण्याऐवजी हे तळता येते का, की तळले म्हणजे तो पदार्थच वेगळा होतो? कृपया जाणकारांनी सविस्तर सांगावे.


जुनी भट्टी | ८ डिसेंबर, रात्री

ताई, इतवारीत आमच्या घरचा पाव आणि टोस्ट भाजण्याचा व्यवसाय होता आणि मी त्या भट्टीजवळ पंधरा वर्षे काम केले आहे, म्हणून पीठ आणि उष्णता या दोन गोष्टींविषयी लिहितो. सारणातल्या चीजविषयी दुसऱ्या कोणी लिहिलेले बरे.

आधी सारण का गळले ते सांगतो, कारण ते कळले की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते. इटलीतल्या नेपल्स शहरातील पिझ्झाची लाकडाची भट्टी साधारण ४३० ते ४८० अंशांवर असते आणि तिच्यात उघडा पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजून निघतो. दुमडलेल्याला थोडा अधिक वेळ लागतो, तरीही भाज्यांना पाणी सोडायला तिथे फारशी सवड मिळत नाही. आपला ओव्हन २५० अंशांचा. त्यात काल्त्सोनेला १५ मिनिटे तरी लागतातच. तेवढ्या वेळात मशरूम, ढोबळी मिरची आणि टोमॅटो आपल्या अंगातले सगळे पाणी सोडून मोकळे होतात. पिझ्झा उघडा असता तर ते पाणी वाफ होऊन वरच्या वर उडून गेले असते. तुम्ही मात्र त्याचे तोंड बंद केलेले असते, त्यामुळे वाफ आतून कडा उचकटते आणि उरलेले पाणी तळाच्या पिठात मुरते. तुमच्या हातून कडा सैल दाबल्या गेल्या असतील असे मला वाटत नाही. एवढी वाफ आत कोंडली तर कोणतीही कड टिकत नाही. म्हणून जे काही आत भरायचे ते आधी मोठ्या आचेवर परतून, कोरडे करून आणि पूर्ण गार करून मगच भरावे. सॉस आत घालूच नये. नेपल्समध्येही तो पुष्कळदा वरून लावतात. तुम्ही तो वाटीत बाजूला द्यावा.

आता पीठ. तुम्ही थंडीशी भांडलात, आणि तिथे तुमचा पहिला प्रयत्न गेला. यीस्ट ३० ते ३५ अंशांच्या आसपास जोमात असते आणि ६० अंशांजवळ ते मरते. घरगुती ओव्हनची सर्वांत कमी आचदेखील त्याला सोसत नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हेच पीठ पाऊण तासात फसफसून आंबट होते. तेव्हा करायला घेतले असते तर मी तुम्हाला बर्फाचे पाणी वापरायला सांगितले असते. डिसेंबरची रात्र म्हणजे मात्र पिठासाठी आयती सोय आहे. यीस्ट अगदी थोडे घालावे आणि पीठ रात्रभर सावकाश फुगू द्यावे. असे पीठ चवीला गोडसर लागते, लाटताना आक्रसत नाही आणि यीस्टचा उग्र वासही येत नाही.

चौदा जणांसाठी १०५० ग्रॅम मैदा, ६५० ग्रॅम साधे पाणी, २० ग्रॅम मीठ, ३० ग्रॅम तेल आणि २ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घ्यावे. पाणीसुद्धा वजनानेच मोजावे. नेपल्सच्या रीतीत पिठात तेल पडत नाही, कारण त्यांचे भाजणे क्षणभराचे असते; आपल्या लांबलेल्या भाजण्यात कवच वाळू नये म्हणून आपण ते घालतो. साखरेची गरज नाही. रात्री नऊला सगळे कालवून वीस मिनिटे झाकून ठेवावे, मग दहा मिनिटे मळावे. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल लागेल आणि हाताला थोडे चिकटेल, पण वरून मैदा घालत राहू नये. आपल्याकडे मडक्यावरच्या लांब पोळीचे पीठ याहून कितीतरी सैल असते आणि बायका ते हातांवर लीलया पेलतात. मळलेले पीठ झाकणाच्या मोठ्या भांड्यात घालून ओट्यावरच ठेवावे. रात्र फारच गार असेल तर आपल्या आया विरजणाचे भांडे ठेवत तसे ते पिठाच्या डब्याशेजारी, गोणपाटात गुंडाळून ठेवावे. सकाळी ते दुप्पट झालेले दिसेल. मग १२५ ग्रॅमचे १४ उंडे करून, तेलाचा हात लावून, झाकून तीन तास ठेवावेत.

उंडा १८ सेंटिमीटरचा लाटावा. लाटण्याला काही लोक नाके मुरडतात, कारण त्याने पिठातली हवा जाते. पण इथे उघड्या पिझ्झासारखी फुगीर कड हवी नसते, तेव्हा लाटणे खुशाल वापरा. फक्त कडेला जरा पातळ लाटा, कारण दुमडल्यावर तिथे दोन थर येतात. पीठ मागे सरू लागले तर त्याच्याशी जबरदस्ती न करता दहा मिनिटे झाकून बाजूला ठेवा. एका अर्ध्या भागावर ९० ग्रॅम सारण, कडेपासून दोन सेंटिमीटर मोकळे सोडून ठेवा. त्या मोकळ्या पट्टीवर तेल, चीज किंवा कोरडा मैदा यांतले काहीही लागता कामा नये. स्निग्ध पदार्थ लागला की कड चिकटत नाही. पाण्याचे बोट फिरवून दुमडा, आतली हवा सारणाच्या बाजूने हाताने बाहेर काढा, कड दाबा आणि मग मुरड घाला. वरून सुरीने दोन लहान चिरा द्यायला विसरू नका. वाफेला ती वाट हवीच.

तळ कच्चा राहू नये म्हणून ओव्हनबरोबर आलेला ट्रे उलटा करून, किंवा बसत असेल तर बिडाचा तवा, खालच्या फळीवर ठेवून २५० अंशांवर पूर्ण ४० मिनिटे तापवा. दिवा विझला की ओव्हन तापला असे आपण समजतो, पण तेव्हा फक्त आतली हवा तापलेली असते. लोखंड तापायला वेळ लागतो आणि तळ भाजण्याचे काम ते लोखंड करते. रवा भुरभुरलेल्या पातळ पत्र्यावरून काल्त्सोने त्यावर सरकवावा.

एका वेळी तीन बसतील, म्हणजे पाच घाणे होतील. पहिले तीन घाणे जेवणाच्या आधीच्या तासात भाजून जाळीवर उघडे ठेवा. झाकले तर स्वतःच्याच वाफेने मऊ पडतील. शेवटचे दोन घाणे निघेपर्यंत मंडळी पानावर बसतील आणि आधीचे नऊ, तीन-तीन करून, चार मिनिटांत पुन्हा कुरकुरीत होतील.


महालची सून | ९ डिसेंबर, सकाळी

वरचा सल्ला उत्तम आहे आणि भाजण्याविषयी मला त्यात काही भर घालायची नाही. तुमच्या शेवटच्या प्रश्नाला मात्र मी आग्रहाने उत्तर देते. तळलेला काल्त्सोने हा वेगळा पदार्थ नाही. तो त्याच घराण्यातला आहे. नेपल्समध्ये भाजलेल्या काल्त्सोनेइतकाच तळलेला पिझ्झा लोकांच्या जिव्हाळ्याचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या शहराची हलाखी झाली होती, भट्ट्या आणि जिन्नस दोन्ही दुर्मीळ झाले होते, तेव्हा बायकांनी आपल्या तळमजल्यावरच्या खोल्यांच्या दारात कढई मांडून थोडेसे सारण भरलेले पीठ तळून विकायला सुरुवात केली. कढईत फुगून ते मोठे दिसे आणि थोडक्यात पोट भरे. गिऱ्हाइकाने आज खावे आणि पैसे आठ दिवसांनी द्यावेत, अशी उधारीची पद्धत तेव्हा होती आणि ती बोली आजही तिथे सांगितली जाते. इटलीच्या दक्षिणेला पुलिया प्रांतात तर पांझेरोत्ती नावाचे लहान तळलेले अर्धचंद्र घरोघरी होतात. तेव्हा जो पदार्थ तिथल्या बायकांच्या हातून कढईतून घडला, तो तुमच्या कढईत करायला तुम्ही संकोच करू नये.

नागपूरकरांना तर हे शिकवायलाही नको. आपल्या पुडाच्या वडीकडे पाहा. ज्याला आपण सांबार म्हणतो ती कोथिंबीर धुऊन आपण कापडावर पसरून पूर्ण कोरडी करतो, कारण ओली राहिली तर वडी तेलात फुटते. खोबरे, खसखस, चारोळी सगळे भाजून घेतो. पारीला चिंच-मसाल्याचा हात लावताना कडा सोडून देतो आणि घडी अशी घालतो की तेलाला आत शिरायला वाट राहत नाही. काल्त्सोनेसाठी नेमकी हीच शिस्त लागते. माझ्या सासूबाई म्हणत की वडी तळताना फुटली तर दोष कढईचा नसतो, सारण करणाऱ्याचा असतो. त्यांचे ते म्हणणे मी प्रत्येक वेळी खरे ठरताना पाहिले आहे.

तळायचे असेल तर आकार लहान ठेवा. ६० ग्रॅमचा उंडा, १२ सेंटिमीटरची पारी आणि दोन मोठे चमचे सारण पुरे. चिरा मुळीच देऊ नका. तेल १७५ ते १८० अंशांवर हवे; मोजायचे साधन नसेल तर पिठाची चिमूट टाकून पाहा, ती तळाला न थांबता लगेच वर यावी पण लगेच लाल होऊ नये. एका बाजूला दीड-दोन मिनिटे द्या आणि वर झाऱ्याने तेल उडवत राहा, म्हणजे पुरीसारखा फुगेल.

मुरड सासूबाईंकडूनच घालून घ्या. कोपऱ्यापासून सुरुवात करून कड अंगठ्याने आत दुमडायची, दाबायची आणि त्या दुमडीवर पुढची दुमड चढवायची, हे त्यांच्या बोटांत असणार. मुरडीच्या करंजीला कातणे लागत नाही. तसेच इथेही कातणे लावू नका, कारण त्याने कड कापली जाऊन पातळ होते आणि फुगणाऱ्या पिठाची कापलेली कड उलगडते. माझ्या पाहण्यात काट्याने दाबलेल्या कडेपेक्षा मुरड कितीतरी अधिक टिकते.

अमेरिकेत १ नोव्हेंबरला काल्त्सोनेचा दिवस पाळतात. इटलीत १७ जानेवारीला, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतर दोन-तीन दिवसांनी, पिझ्झा करणाऱ्यांचा सण असतो. तो संत अंतोनियो यांचा दिवस, आणि भट्टीशी व अग्नीशी काम करणारे लोक त्यांना आपले रक्षक मानतात. तुमच्या घरी तो २५ डिसेंबरला होईल. मुलीला माझे आशीर्वाद सांगा.


गोकुळपेठकर | ९ डिसेंबर, रात्री

दोघांचेही मनापासून आभार. तुमचे उत्तर वाचून सासूबाईंनी आजच एका पोळीच्या उंड्यावर मुरड घालून दाखवली आणि मुलगी आली की तिला शिकवीन असे सांगितले. भाजलेले जेवणासाठी आणि थोडे लहान तळलेले संध्याकाळच्या चहाबरोबर, असे आता ठरवते आहे.

सारणाचे मात्र अजून ठरत नाही. दिरांचे म्हणणे आहे की नागपुरात करतो आहोत तर सावजी मसाल्याचे पनीर भरावे. मला वाटते की मुलीने जो पदार्थ मागितला आहे त्याची चव तरी राहावी. रिकोटाचेही कोणी सांगितले नाही.


सोलेभात | १० डिसेंबर, सकाळी

रिकोटा या शब्दाचा अर्थच पुन्हा शिजवलेले असा आहे. चीज करून उरलेले पाणी, ज्याला आपण निवळी म्हणतो, ते पुन्हा तापवले की त्यात राहिलेली प्रथिने कणाकणांनी वर येतात आणि तेच गाळून रिकोटा होतो. घरी एवढ्या निवळीतून हाती फार थोडे लागते, म्हणून दूधच फाडावे. दाबून वडी केलेले पनीर घेऊ नका, कारण ते रबरासारखे लागते. ताजा, न दाबलेला छेना हवा. दोन लिटर सायीचे दूध उकळून, गॅस बंद करून, दोन मिनिटांनी त्यात पाण्यात मिसळलेला लिंबाचा रस हळूहळू घाला आणि फाटू लागले की ढवळणे थांबवा. कापडात अर्धा तास टांगून ठेवले की ३५० ते ४०० ग्रॅम मऊ छेना मिळेल. त्यात दोन चमचे साय, मीठ आणि ताजी कुटलेली मिरी घालून हलक्या हाताने सारखा करा. दह्याचा चक्का वापरण्याचा मोह टाळा. तो तापला की पाणी सोडतो आणि आंबट होतो. छेना आणि रिकोटा यांच्यात महत्त्वाचे साम्य हे की दोन्ही तापल्यावर वितळत नाहीत, त्यामुळे ते सारणाला अंग देतात आणि दुसऱ्या चीजला धरून ठेवतात.

वितळण्यासाठी कमी ओलाव्याच्या मोझरेलाची विट घ्या, ४०० ग्रॅम. पाण्यात ठेवलेले ताजे मोझरेलाचे गोळे या कामासाठी फार ओले असतात. डब्यातले साधे प्रक्रिया केलेले चीज वितळते, पण त्याला तार सुटत नाही आणि खारटपणा वाढतो. आणखी एक गोष्ट शाकाहारी घरासाठी सांगितली पाहिजे. अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीज वासराच्या जठरातल्या विरजणानेच करावे असा तिथला नियम आहे, म्हणून ते तुमच्या घरात चालणार नाही. कोणतेही चीज घेताना वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहून घ्या.

आता सावजीविषयी. मी स्वतः सावजी जेवण आवडीने खातो, पण ते यात भरू नये असे माझे ठाम मत आहे. सावजीची खरी चव तिच्या तर्रीत असते, आणि तर्री म्हणजे तेल. तेल आत ठेवले तर कड सुटणार आणि ते निथळून घेतले तर सावजीपण जाणार. शिवाय त्या मसाल्यापुढे छेन्याची आणि रात्रभर फुगलेल्या पिठाची चव ओळखूसुद्धा येणार नाही. दिरांसाठी सावजी रस्सा वाटीत वेगळा द्या.

मात्र नागपूरचे म्हणून काही आत हवे असेल तर बाजार या दिवसांत नुसता भरलेला असतो. गोकुळपेठेत ओल्या तुरीच्या शेंगांचे ढीग लागलेले असतील. सोल्यांचे दाणे जाडसर भरडून, थोड्या तेलात हिरवी मिरची आणि जिऱ्यावर कोरडे होईपर्यंत परतून, गार करून छेन्यात मिसळा. मी हे तीन हिवाळे करतो आहे. सोल्यांचा गोडवा आणि किंचित तुरट चव चीजबरोबर इतकी सुरेख जमते की मला दुसरे सारण आठवत नाही. यात लसूण नसला तरी काहीही उणे वाटत नाही, म्हणजे सासूबाईंचाही प्रश्न सुटतो.

दुसरे सारण पालकाचे करा, कारण ते तुमच्या मुलीच्या आठवणीतल्या चवीच्या जवळ जाईल. पालक आणि रिकोटा ही इटलीत जुनी जोडी आहे, आणि नेपल्समध्ये स्कारोला नावाची किंचित कडवट पालेभाजी ऑलिव्ह घालून काल्त्सोनेत भरतात. एक किलो निवडलेला पालक मिठाशिवाय मोठ्या आचेवर परता, गार झाला की कापडात घालून दोघांनी दोन बाजूंनी पिळा, मग बारीक चिरा. पिळल्यावर तो एका वाडग्यात मावेल. जेवढे पाणी कापडातून गळेल तेवढे तुमच्या काल्त्सोनेत उकळले असते, हे लक्षात ठेवा. मीठ सर्वांत शेवटी घाला. यातल्या निम्म्यात परतलेला लसूण घालून निम्मा तसाच ठेवता येईल, आणि बिनलसणाच्या काल्त्सोनेवर पिठाचे एक पान करून चिकटवले की भाजल्यावरही ओळख राहील.

छेना ४००, मोझरेला ४०० आणि दोन्ही भाज्या मिळून साधारण ४५० ग्रॅम, एवढे सारण १४ जणांना पुरते.


गोकुळपेठकर | २७ डिसेंबर, दुपारी

ठरवल्याप्रमाणे २५ तारखेला दुपारी सगळे पार पडले. ज्यांनी एवढ्या आस्थेने लिहिले त्यांना कसे झाले हे कळायला हवे, म्हणून लिहिते.

आदल्या रात्री नऊला पीठ मळले. मळताना ते इतके सैल वाटले की मूठभर मैदा घालायला माझा हात दोनदा डब्याकडे गेला. पण लांब पोळीचे वाक्य आठवून थांबले. सकाळी झाकण उघडले तेव्हा पीठ झाकणाला टेकले होते आणि त्याला ताज्या ताकासारखा सौम्य वास होता. उंडे करताना ते बोटांखाली उसासल्यासारखे हलत होते. माझ्या आजवरच्या कोणत्याही पिठाला असे अंग आले नव्हते.

बैठकीत चादर अंथरून दिवाळीसारखीच मांडणी केली. दिरांनी आणि पुतण्याने पालक पिळला आणि निघालेले पाणी मोजले तर ते तांब्याभर भरले. ते पाहून मला माझा दुसरा प्रयत्न का फसला हे पुरते उमगले. मी लाटले, जाऊबाईंनी सारण मोजून ठेवले आणि सासूबाई व मुलगी समोरासमोर बसून मुरड घालत होत्या. पहिल्या दोन मुरडी मुलीला जमल्या नाहीत. सासूबाईंनी तिचा अंगठा आपल्या हातात धरून दुमड कुठे दाबायची ते दाखवले, आणि पाचव्या काल्त्सोनेपर्यंत दोघींची मुरड वेगळी ओळखता येईना. बिनलसणाच्या पाच नगांवर पिंपळपान करून लावले होते, तेही तिनेच केले.

चौदापैकी तेरा न फुटता निघाले. एकाची कड सुटली, आणि तपासून पाहिले तर तिथे चीजचा कीस अडकलेला दिसला. तळ सगळ्यांचे तांबूस आणि कोरडे होते. ट्रे उलटा ठेवण्याने आणि चाळीस मिनिटे तापवण्याने जो फरक पडला तो मी स्वतः पाहिला नसता तर मला पटला नसता. वेळेचा अंदाज मात्र थोडा चुकला: दार उघडले की ओव्हन निवतो, त्यामुळे प्रत्येक घाण्यानंतर पाच मिनिटे पुन्हा तापू द्यावे लागले आणि पाच घाण्यांना जवळपास पावणेदोन तास लागले. माझ्यासारखा लहान ओव्हन ज्यांच्याकडे आहे त्यांनी एक तास आधी सुरुवात करावी.

सोल्यांचे सारण आधी संपले. सासूबाईंनी एक पूर्ण खाल्ला आणि अर्धा पुन्हा मागून घेतला. दिरांना सावजी रस्सा वाटीत दिला होता. त्यांनी काल्त्सोनेची कड त्यात बुडवून खाल्ली आणि पुढच्या वेळीही असेच ठेवा म्हणाले.

तळलेले करायला संध्याकाळी कोणाला भूकच नव्हती. त्यासाठी वेगळे मळलेले अर्धा किलोचे पीठ फ्रिजमध्ये आहे. मुलगी ३१ तारखेला परत जाईल. तिला वाटेत द्यायला ३० तारखेला त्याचे लहान नग तळले तर पीठ तोपर्यंत टिकेल का?


जुनी भट्टी | २७ डिसेंबर, रात्री

वाचून फार समाधान वाटले. पीठ इतके दिवस ठेवू नका. उद्याच वापरा, परवापर्यंत फार तर. त्यानंतर ते ढिले आणि आंबट होते आणि कढईत तेल पिते. वाटेत द्यायचे असतील तर ३० तारखेला रात्री नवे पीठ मळा आणि ३० ला तळण्याऐवजी ३१ ला सकाळी लहान आकाराचे भाजून द्या. जाळीवर पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका आणि सोबत सॉस देऊ नका. वसतिगृहात तवा असेल तर मंद आचेवर झाकण न ठेवता दोन्ही बाजूंनी तीन-तीन मिनिटे तापवायला सांगा. छेना आत असल्याने त्याच दिवशी संपवायला मात्र तिला बजावून सांगा.